सर्व्हिस बुकातली बायको

क्लार्क बाईंनी यांचं सर्व्हिस बुक उघडलं, शेजारी माझं आधार कार्ड ठेवलं आणि दोन्हींवरून बोट फिरवत आल्या. बायकोचं नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. मग बोट थांबलं.

“मामा, जन्मतारीख जुळत नाही. बुकात मावशी चार वर्षांनी मोठ्या आहेत.”

आमचे हे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर आहेत. गाई-म्हशी धरायच्या, सुया उकळायच्या, औषधं मांडायची, यातच तेहेतीस वर्षं गेली. तालुक्याच्या कचेरीत सगळे त्यांना मामा म्हणतात. गुडघे गेले म्हणून त्यांना लवकर निवृत्ती घ्यायची होती, आणि त्याचीच चौकशी करायला आम्ही गेलो होतो.

हे वर पंख्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला सगळं कळलं. ती तारीख माझी नव्हती. ती तिची होती.

मी यांची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर दीड वर्षानं पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली ती परत आलीच नाही. बाळही राहिलं नाही. वर्षभरानं मला बघायला आले. आमच्या घरी चार बहिणी, मी तिसरी, इयत्ता चौथीपर्यंत शिकलेली, पाहुण्यांसमोर बोलायची लाज वाटणारी. सरकारी नोकरीवाला आहे, बिजवर असला तर काय झालं, असं माझे वडील म्हणाले. पत्रिका छापल्या नाहीत. दुसरपणाच्या लग्नाला कोण पत्रिका छापतं?

लग्नात नवरीचं नाव बदलतात. माझ्या सासूबाईंनी मांडवातच सांगितलं, “नाव पहिलीचंच ठेवा. आमच्या जिभेला वळण पडलंय. अन् नोकरीच्या कागदावर बी तेच हाय, पुन्हा बदलाबदली नको.”

ताटात तांदूळ पसरले, यांच्या हातात अंगठी दिली. नवऱ्यानं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. माझ्या बहिणींच्या लग्नात मी बघितलं होतं, नवरदेव लाजतो, अडखळतो, कुणीतरी चेष्टा करतं. यांचा हात कुठं थांबला नाही. त्या हाताला ते नाव पाठ होतं.

लग्नाच्या आठव्या दिवशी सोनारानं चांदीचा टाक आणून दिला, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर एक बाई उभी कोरलेली. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, म्हणजे तिचा राग होत नाही, संसाराला तिची दृष्ट लागत नाही. नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. पुरणपोळीचा पहिला घास तिला. तीस वर्षं मी हे केलं. दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, सासूबाई गेल्या. टाक गळ्यात तसाच राहिला. गळ्यात मंगळसूत्र आणि टाक एकमेकांवर वाजतात. कुणाला ऐकू येत नाही, मला येतं.

मला तिचा हेवा वाटतो, हे मी कधी कुणाला बोलले नाही. मेलेल्या बाईचा हेवा करणारीला लोक काय म्हणतील? ती कधी म्हातारी झाली नाही. तिची भाजी कधी खारट झाली नाही, कारण झाली असली तरी कुणाच्या लक्षात राहिली नाही. तिचा रंग गोरा होता, केस गुडघ्यापर्यंत होते, असं सासूबाई सांगायच्या. मी घरात आल्यापासून दर दिवाळीला ते केस बोटभर वाढत गेले.

आणि आता सर्व्हिस बुकातही तीच बसली होती.

क्लार्क बाई वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मामा, ही तारीख कुणाची?”

“पहिलीची,” हे म्हणाले. “नोकरीला लागलो तवा लिहिलेली.”

“म्हणजे मावशी…”

“दुसरी.”

“मग पहिलीचा मृत्यू बुकात नाही? मावशींशी लग्न झालेलं नाही? तीस वर्षांत काहीच नाही?”

“नाव तेच हाय की.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. मी बसले नाही. कचेरीत मी बसत नाही, उभी राहिले की लवकर सुटका होईल असं वाटतं. पण त्या मलाच समजावू लागल्या, तेव्हा बसावं लागलं.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या समजुतीप्रमाणं लिहिते. नवरा निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळते. त्याच्यामागं बायकोला त्या पेन्शनीपेक्षा कमी, पण जन्मभर मिळते. त्यासाठी बायको कोण हे कागदावर आधी पक्कं पाहिजे. निवृत्तीच्या कागदांवर दोघांचा एकत्र फोटो चिकटवतात, बायकोची तारीख लिहितात, सही घेतात. पेन्शनीचा काही भाग विकून एकदम रक्कम घेता येते, पण त्यानं बायकोच्या वाट्याला धक्का लागत नाही, कारण तिचं मोजमाप नवऱ्याच्या शेवटच्या पगारावर. म्हणून नवऱ्यानं कधी निवृत्त व्हायचं हा एकट्या नवऱ्याचा प्रश्न नसतो, असं त्या म्हणाल्या. “मामा, तुमच्या हातात साठपर्यंतची नोकरी आहे. लवकर गेलात तर तुमची कमी, मावशींची पण कमी. ते तुमचं तुम्ही दोघं ठरवा. पण ही नोंद दुरुस्त केल्याशिवाय जाऊ नका. तुम्ही असताना एक अर्ज आहे. तुम्ही नसताना मावशींना कोर्ट आहे.”

मग त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. नवरा रस्त्याच्या कामावरचा मुकादम होता. बुकात बायकोचं माहेरचं नाव, बाकी कागदांवर सासरचं. तो गेल्यावर ती बाई आपणच ती आहोत हे सांगत पाच दारं फिरली. “त्यांचं तरी माणूस एकच होतं,” क्लार्क बाई म्हणाल्या. “तुमच्यात तर दोन माणसं आहेत.”

यांनी बुक आपल्याकडं ओढून ती तारीख बघितली. मग म्हणाले, “बाई, सोपा उपाय सांगू का? हिच्याच आधारवर तारीख बदलून घेऊ. चार वर्षं मागं. बुक बी जुळंल, आधार बी जुळंल.”

“मामा, ते खोटं होतं.”

“आवो, हिचा फायदाच हाय त्यात. ऐंशी पुरी झाली की पेन्शन वाढती म्हणत्यात. हिची चार वर्षं आधी पुरी व्हतील.” आणि माझ्याकडं वळून, गमतीनं, “काय गं, व्हतीस का म्हातारी?”

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मी खाली बघत होते. माझ्या आधारवर एक जून आहे. आमच्याकडं गुरुजींनी ज्याला त्याला एक जून लावली, अर्धं गाव एक जूनला जन्मलं. तिचे वडील मास्तर होते. त्यांनी लेकीची तारीख, वार, वेळ सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. तिला खरा वाढदिवस होता. मला गुरुजींनी दिलेला. पण तो माझा होता. घरात माझं म्हणावं असं तेवढंच शिल्लक होतं, कारण नाव तर पहिल्याच दिवशी गेलं.

“मला माझीच तारीख पाहिजे,” मी म्हणाले.

एवढं हळू म्हणाले की क्लार्क बाईंनी “काय?” विचारलं. पुन्हा म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. पण यांनी ऐकलं होतं. त्यांनी कागद गोळा केले, टोपी सरळ केली आणि बाईंना म्हणाले, “काय काय लागतं ते लिवून द्या.”

लागत होतं ते असं: पहिलीचा मृत्यूचा दाखला, आमच्या लग्नाची नोंद, माझा शाळेचा दाखला आणि यांचा अर्ज.

लग्नाची नोंद आमच्याच गावात झाली. लग्नाला हजर असलेली तीन माणसं लागतात. माझा थोरला दीर आणि दोन चुलते आले. ग्रामसेवकानं फॉर्म भरता भरता विचारलं, “मामा, या वयात लग्न? वरातीला डीजे सांगू का?” सगळे हसले. चुलते म्हणाले, “लावा की, त्या टायमाला आम्ही नुसता भात खाऊन उठलो होतो.” मीही पदराआड हसले. तीस वर्षांनी का होईना, माझ्या लग्नाची कुणी चेष्टा केली होती. तांदळाच्या ताटाजवळ जी व्हायला पाहिजे होती ती.

मृत्यूचा दाखला मात्र तिच्या माहेरी होता, कळंबकडच्या एका गावात. यांनी तिथं जायचं टाळलं. आज दवाखान्यात लसीकरण आहे, उद्या डॉक्टर नाहीत, परवा गुडघा सुजलाय. गुडघा खरंच सुजला होता. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उभं राहायचं काम बंद करा. पण मला गुडघ्याचं खरं वाटेना. मला वाटलं, यांना ती मेली असं कागदावर लिहायचंच नाही. बुकात ती अजून बायको होती, तिचं वय दरवर्षी वाढत होतं, आणि मी तिच्या नावानं भाकरी थापत होते.

एक दिवस मी बोलले. चहा द्यायला गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “तुमच्यामागं मी कोण हे तुम्हीच सांगून जा. मला सांगता यायचं न्हाय.”

“अजून मेलो न्हाय मी.”

“मेल्यावर सांगणार हायसा का?”

त्यांनी बशीतला चहा संपवला. मी आजवर त्यांना असं बोलले नव्हते. पेन्शनीची हीच गोष्ट अवघड आहे. बायकोनं तिचं नाव काढलं की नवऱ्याच्या मरणाचा हिशोब केल्यासारखं होतं. दोन वर्षं जास्त नोकरी करा, म्हणजे तुमच्यामागं मला बरं मिळंल, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? पहिलीला असलं काही म्हणावं लागलं नाही. तीच आधी गेली. त्यातही ती चांगली ठरली.

“उद्या जाऊ,” हे म्हणाले. “तू बी चल.”

मला न्यायचं कारण मला कळलं नाही. मी आधी कधी तिच्या माहेरी गेले नव्हते. सवतीच्या माहेरी दुसरीला लेकीसारखं वागवतात, साडीचोळी करतात. तिच्या आईनं दोनदा निरोप धाडला होता. मी काहीतरी निमित्त सांगून टाळलं. तिचं नाव घेतलं, तिचा टाक घातला, आता तिची आईही घेऊ का, असं मनात आलं होतं. आई आता राहिली नव्हती.

धाराशिवला गाडी बदलली, कळंबला पुन्हा बदलली. पुढं जीपनं गेलो. रस्त्यावरच्या गावाच्या पाटीपाशी उतरून गावात चालत जाताना हे एका घरापाशी हळू झाले. दाराला कुलूप होतं, उंबऱ्यावर धूळ. तिचा भाऊ लातूरला राहतो म्हणे. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

ग्रामपंचायतीत ग्रामसेविका होत्या. त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या, फडक्यानं पुसल्या. हे महिना सांगत होते, त्या पानं उलटत होत्या. पानांच्या कडा मोडून पडत होत्या.

“सापडलं,” त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. नाव वाचलं. ते माझं नाव होतं. आपलं नाव मृत्यूच्या वहीतून कुणी वाचून दाखवावं असं दुश्मनालाही होऊ नये. माझा हात गळ्याकडं गेला. त्यांनी पुढं वाचलं, “वय एकोणीस. कारण, बाळंतपण.” मग कागद वळवून म्हणाल्या, “खबर देणार, पती. ही सही तुमचीच का मामा?”

हे खाली वाकले. मीही वाकले. सही यांचीच होती. मला यांची सही माहीत आहे, पगाराच्या दिवशी बँकेच्या स्लिपवर बघते, शेवटच्या अक्षराला एक लांब शेपूट. त्या वहीत शेपूट नव्हतं. नाव अर्ध्यात सोडल्यासारखं, शाई खाली ओघळलेली.

म्हणजे तिच्या मरणाची खबर यांनीच, आपल्या हातानं दिली होती. दाखला यांना कधीही मिळाला असता. यांना नोंद कुठं आहे हे तीस वर्षं ठाऊक होतं.

बाहेर लिंबाखाली दाखल्याची वाट बघत बसलो. मी विचारलं, “हितं लिहिलं, मग बुकात का न्हाय लिहिलं?”

ते बराच वेळ गुडघा चोळत होते. मग म्हणाले, “एकदा लिहिलं गं. दुसऱ्यांदा हात होईना. पुढं तू आलीस, आई म्हणली नाव तेच हाय. म्या म्हणलं, बरं झालं. सुटलो.”

तुझ्यामुळं सुटलो, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांना वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. एकोणीस वर्षांची पोर, माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान, तिची दया यायला पाहिजे होती. आली, पण थोडीच. जास्त हेच वाटत राहिलं की माझ्यासाठी यांचा हात असा कधी अडला असता का? मी मेले तर हे नीट शेपूट काढून सही करतील.

परतीच्या गाडीत मला खिडकीजवळ बसवलं. हे पाय पुढं करून बसले होते, गाडीला हिसका बसला की चेहरा वाकडा करत होते. गर्दी नव्हती. मी मनात मांडत गेले. तिला दीड वर्ष मिळालं. पण ते कुठलं दीड वर्ष! पंचविशीतला माणूस, सायकलवरून दवाखान्यात जाणारा, तिच्यासाठी कळंबच्या बाजारातून बांगड्या आणणारा. हे मला सासूबाईंनीच सांगितलं होतं. मला जो मिळाला तो गप्प झालेला मिळाला. सकाळी सातला जाणारा, संध्याकाळी गुरांच्या वासानं येणारा, भाकरी खाऊन झोपणारा. तीस वर्षांत दिवसाउजेडी आम्ही शेजारी शेजारी एवढा वेळ कधी बसलो होतो? या गाडीत पहिल्यांदाच. तेही तिच्या कामासाठी. तिला यांचं तरुणपण मिळालं आणि मला गुडघे. आणि ते गुडघेही अजून दोन वर्षं सरकारकडंच राहणार होते.

“ती बाई म्हणली तसंच करतो,” हे अचानक म्हणाले. “साठपर्यंत रेटतो. तुला मागं चांगली पेन्शन राहील.”

त्यांनी माझा विचार केला होता. चांगला नवरा असंच म्हणतो. मी हो म्हणायला पाहिजे होतं. मुलींना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं.

“नको,” मी म्हणाले. “नोंद झाली की अर्ज द्या. घरी बसा.”

“अगं, तुझंच कमी व्हईल.”

“होऊ द्या.”

“का?”

तुमच्यामागं जास्त मिळण्यापेक्षा तुम्ही असताना मला थोडं मिळू द्या, हे मला म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. मी म्हणाले, “गुडघे दुखत्यात ना तुमचे.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, “लई शहाणी झालीस कचेरीत जाऊन.” पण आवाज रागाचा नव्हता.

आता दाखला होता, लग्नाची नोंद होती, माझा शाळेचा दाखलाही भावानं काढून आणला होता. राहिला होता एकत्र फोटो. तिचा आणि यांचा लग्नातला एक फोटो आमच्या पेटीत आहे, कोपरा वाळवीनं खाल्लेला. आमच्या दोघांचा मात्र नव्हता. मुलींच्या लग्नांत आम्ही होतो, पण सगळ्या घोळक्यात, हे एका टोकाला, मी दुसऱ्या.

उमरग्याला डॉक्टरांकडं गेलो त्या दिवशीच स्टुडिओत गेलो. फोटोवाला बडबड्या होता. “मामा, पेन्शनीचा का? मग जवळ सरका. पेन्शनीच्या फोटोत सगळे नवरा-बायको भांडल्यासारखे बसतात. सरका, सरका, सरकार पैसे देतंय.” हे एक इंच सरकले. “मावशी, तुम्ही पण. आज कोण बघत नाही.”

मी सरकले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “मावशी, गळ्यातलं ते चांदीचं चमकायलंय. सरळ तरी करा नाहीतर आत घ्या.”

हे माझ्या गळ्याकडं बघत होते. स्टुडिओतल्या आरशात मला दिसलं. मी टाक मुठीत धरला. चांदी अंगाच्या उबेनं गरम होती. सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. सणासुदीला नवं लुगडं नेसायच्या आधी जिला दाखवलं, पहिला घास जिला दिला, तिला मी पदराच्या आत ढकललं आणि पदर वरून घट्ट पिनअप केला.

“आतच असू दे का?” मी यांना विचारलं.

“असू दे,” हे म्हणाले.

ते फोटो घेऊन आम्ही कचेरीत गेलो. क्लार्क बाईंनी जुन्या तारखेवर लाल शाईनं एक सरळ रेघ ओढली, खाली माझी एक जून लिहिली, बाजूला साहेबांची सही घेतली. रेघेखालची जुनी तारीख वाचता येतच होती. “पूर्ण खोडायचं नसतं,” त्या म्हणाल्या, “नियम आहे.” मी मान हलवली. मग त्यांनी डिंक लावून फोटो चिकटवला आणि मला सही करायला सांगितली. मी सावकाश नाव लिहिलं. तिचंच नाव, पण अक्षर माझं.

फोटोत आम्ही दोघंच आहोत.